पट्टीचा राहिलेला पेपर

विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोरच पट्टीचं दुकान. पाटीवर स्टेशनरी, झेरॉक्स आणि बाइंडिंग एवढंच लिहिलंय, मालकाचं नाव नाही. दुकान अरुंद पण खोल. पुढे काउंटर, त्यामागे झेरॉक्सची दोन यंत्रं, एक चालू आणि एक कायम रुसलेलं, आणि पार आत बाइंडिंगचं टेबल. शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचे रिपोर्ट छातीशी धरून धापा टाकत येतात ती याच टेबलापाशी. पट्टी त्यांना आधी पाणी देतो आणि मग रिपोर्ट हातात घेतो.

काका पट्ट्या विकतात म्हणून त्यांचे मित्र त्यांना पट्टी म्हणत असतील, असं पोरांना वाटतं. तसं नाही. तो स्वतः याच विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगला होता तेव्हा काडीसारखा बारीक आणि ताडमाड उंच होता, आणि शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी कायम डोकावत असायची. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता पोट सुटलं, केस विरळ झाले, पाठीला बाक आला. नाव तेवढं सरळ राहिलं.

त्याच्या वर्गातली मंडळी मात्र पार जगभर पांगली. कुणी विमानतळ बांधले, कुणी बोगदे खणले. एकाला सगळे साहेब म्हणायचे, कारण वसतिगृहात पाणी नसलं तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. तो पुढे एका मोठ्या बांधकाम कंपनीत खरोखरच साहेब झाला. एकीला धरण म्हणायचे. कितीही बोला, वर्गात ढिम्म बसायची, एक शब्द बाहेर पडू द्यायची नाही. तिने पुढे धरणंच बांधली. हा योगायोग की चेष्टेचा सूड, हे तिने कधी सांगितलं नाही.

ही सगळी मोठी माणसं विद्यापीठाशी बांधलेली राहिली ती पट्टीच्या दोरीने. परदेशी नोकरीसाठी जुन्या मार्कशीटची प्रत हवी असली, कुठे पदवीच्या दाखल्यावर शिक्का हवा असला, घर बदलताना सर्टिफिकेट हरवलं, की फोन पट्टीला. मग पट्टी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा आणि परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहायचा. खिडकीमागची माणसं बदलत गेली, पण पट्टी प्रत्येकाच्या ओळखीचा झाला. दाखला हातात आला की तो उजेडात धरून नाव, वर्ष, श्रेणी नीट वाचायचा. मग दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, कडा चिकटवून पाठवून द्यायचा. गावी आलेला प्रत्येक जण पुढच्या मोठ्या फाटकाकडे न जाता आधी दुकानात यायचा, टेबलाशी बसून चहा प्यायचा आणि कोण कुठे आहे, कुणाला नातू झाला, कुणाचं पित्ताशय काढलं, ते सगळं पट्टीकडून ऐकायचा.

आणि या सगळ्यांचे दाखले काढून देणाऱ्या पट्टीकडे स्वतःचा दाखला नव्हता. त्याचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर राहिला होता.

तो पेपर इमारतींच्या गणिताचा होता. तुळईवर ओझं आलं की ती कुठे आणि किती वाकेल, खांब किती भार पेलेल, ते कागदावर काढायचं. पट्टीचा अभ्यास पक्का झाला होता. सकाळी तो घरातून निघून दुकानावरून जात होता, तेव्हा त्याचे वडील शटर वर करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पट्टीने त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेलं, आणि वर्गातले बाकीचे पेपर लिहीत होते तेव्हा तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर पट्टी, पेन आणि ओळखपत्र खिशात ठेवून बसला होता.

वडील वाचले. नंतर कितीतरी वर्षं जगले, पण दुकान सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. पट्टी आधी महिनाभरासाठी म्हणून काउंटरमागे उभा राहिला. पुढच्या परीक्षेच्या वेळी वडिलांची तब्येत पुन्हा बिघडली. त्याच्या पुढच्या वेळी झेरॉक्सचं नवीन यंत्र आलं होतं. मग लग्न, मुलगी, तिची शाळा. हळूहळू कुणी विचारायचंच बंद झालं. वर्गमित्र तर विसरूनच गेले. पट्टीचा पेपर राहिलाय, ही गोष्ट त्यांच्या लेखी इतक्या लांबच्या काळात घडलेली होती की ती केव्हाच मिटली असणार, असं प्रत्येकाने मनोमन धरलं होतं.

ते उघडं पडलं साहेबाच्या उत्साहामुळे.

विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवला होता आणि त्यात काही जणांचा सत्कार करायचा होता. साहेब स्वतः सत्कारमूर्तींमध्ये होता. त्याने ठणकावून कळवलं की आमच्या वर्गातून कुणाचा सत्कार करायचाच असेल तर तो पट्टीचा करा, कारण आम्ही इमारती जोडल्या, पण माणसं जोडली ती त्याने. सगळ्या वर्गाने त्याखाली सह्या केल्या. पट्टीला कुणी काही विचारलं नाही, कारण तो नको म्हणाला असता.

चार दिवसांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. भाषा अदबशीर होती. सदर व्यक्तीने पदवी पूर्ण केल्याची नोंद नसल्याने ती माजी विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही, तरी क्षमस्व.

साहेबाचं डोकं फिरलं. त्याने दुकानात फोन केला आणि कुलगुरूंपासून खाली एकेकाला सरळ करायची भाषा सुरू केली. पट्टी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून ऐकत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे. माझी पदवी नाहीच. तू कुणाशी भांडू नकोस, मला उद्या त्याच खिडकीवर तुझ्या पुतण्याच्या मार्कशीटसाठी जायचंय."

साहेबाने पुतण्याचा परीक्षा क्रमांक सांगितला आणि न भांडता फोन ठेवला. त्याच्याबाबतीत हे क्वचितच घडतं.

मेळाव्याला पट्टी गेला नाही. मेळावाच मात्र त्याच्याकडे आला. कार्यक्रम संपला तसे सूट-बूट घातलेले, शाली-फुलं हातात घेतलेले सगळे फाटक ओलांडून दुकानात घुसले. बसायला जागा नव्हती म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख कागदांच्या गठ्ठ्यांवर बसले. हसणं-खिदळणं झालं, पण सत्काराचा विषय सगळ्यांनी असा काळजीपूर्वक टाळला की तोच विषय दुकानभर पसरून राहिला.

संध्याकाळी सगळे गेले. धरण तेवढी मागे राहिली. ती बाइंडिंगच्या टेबलाशी बसून पुठ्ठ्याच्या कातरणांची रास करत होती. मग एकदम म्हणाली, "तू पेपर का दिला नाहीस?"

पट्टीने वडिलांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं.

"ते पहिली दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यानंतरचं विचारतेय."

पट्टी हातातली कात्री पुसत राहिला. हे उत्तर त्याने आजवर बायकोलासुद्धा दिलं नव्हतं, खरं तर स्वतःलाही दिलं नव्हतं. "तो पेपर राहिलाय तोपर्यंत मी हुशार आहे," तो शेवटी म्हणाला. "नशीब आडवं आलं, नाहीतर पट्टी कुठल्या कुठे गेला असता, असं म्हणता येतं. दिला आणि उडालो, तर काय म्हणायचं?"

धरणाने मान डोलावली, जणू एखाद्या भिंतीतली ओल तिला नेमकी सापडली होती. सहानुभूती दाखवायच्या भानगडीत ती पडली नाही. तिने विचारलं, आता देता येतो का? पट्टी म्हणाला, येतो. जुन्या, एखादा विषय अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने यंदा आणि पुढच्या वेळी अशा दोन संधी ठेवल्यात. त्याला हे माहीत होतं, कारण ती सूचना फाटकावर लावण्यासाठी मोठी करून त्यानेच छापून दिली होती.

"मग दे," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

पट्टीने घरी बायकोला सांगितलं ते असं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. त्याची बायको रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसं तिच्यासमोर आडवळणाने काहीबाही सांगत असतात आणि ती त्यातून दुखणं कुठे आहे ते काढते. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि दुकानाची दुपारची वेळ मी माझ्या पाळ्या बदलून सांभाळते म्हणाली. तुम्ही पेपर देणार का, असं तिने विचारलंच नाही.

अभ्यास सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी पट्टीने पुस्तक दोनदा मिटून पुन्हा उघडलं. विषयाचं नाव तेच राहिलं होतं, बाकी सगळं बदललं होतं. जे आठवतं असं त्याला वाटत होतं, ते त्याला फक्त आठवतं असं वाटत होतं. वर्गाला बातमी कळली तसे सगळे मदतीला धावले आणि तीच मोठी आपत्ती ठरली. साहेबाने फोनच्या पडद्यावरून शिकवायला सुरुवात केली. पहिलं गणित त्याने झोकात मांडलं, मध्येच अडकला, मग माझ्या हाताखालचे लोक हे संगणकावर काढतात म्हणाला, आणि शेवटी दोघे मिळून कॉलेजातल्या कँटीनवाल्याच्या आठवणी काढत बसले. बोगदेवाला म्हणाला, मी जमिनीखालचा माणूस, मला वरच्या तुळया काय विचारतोस. तिसऱ्याने एवढी मोठी पुस्तकं पाठवली की ती ठेवायला रुसलेल्या झेरॉक्स यंत्राचा उपयोग झाला.

शिकवलं ते धरणाने. ती नुकतीच नोकरीतून मोकळी झाली होती. तिचं घर आगगाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या आधी पोचता येईल एवढ्या अंतरावर होतं. ती दर आठवड्याला यायची, टेबलावरचा पसारा कोपराने बाजूला सारायची आणि बसायची. तिला शिकवताना भाषण द्यायची सवय नव्हती. तिने काउंटरवरची प्लास्टिकची एक लांब पट्टी घेतली, दोन पुस्तकांवर टेकवली आणि मधोमध बोटाने दाबली.

"कुठे वाकली?"

"मध्ये. खालच्या बाजूला ताण."

मग तिने मध्ये तिसरं पुस्तक सरकवलं, दोन हातांची बोटं पुस्तकांमधल्या दोन्ही गाळ्यांवर ठेवून दाबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो वाकून, डोळे बारीक करून बघू लागला. दोन्ही गाळ्यांत पट्टी खाली झुकली होती, पण मधल्या पुस्तकावर ती वर उचललेल्या पाठीसारखी उलटी वाकली होती. ताण तिथे वरच्या बाजूला होता. विद्यार्थी असताना हे त्याने शंभरदा वहीत लिहिलं होतं. डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"हे मला तेव्हा कुणी दाखवलं नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," ती म्हणाली. "मी साइटवर शिकले."

पोरांपासून ही बातमी लपून राहणं शक्यच नव्हतं. रिपोर्ट बांधायला आलेली पोरं टेबलावरची गणितं बघायची, एकमेकांना कोपरखळ्या मारायची. एकदोघांनी आधी चेष्टा केली, मग आपलीच अडलेली गणितं धरणासमोर सरकवायला लागली. ती त्यांच्याही पुढ्यात पट्टी वाकवायची. दुपारी दुकानात एवढी गर्दी व्हायला लागली की गिऱ्हाईक कोण आणि विद्यार्थी कोण ते बायकोला काउंटरवरून ओळखू येईना.

परीक्षेच्या सकाळी पट्टीने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फाटकातून आत गेला. दिवसातून दोनदा जायचं ते फाटक, पण त्या दिवशी त्याने खिशातलं हॉल तिकीट दोनदा चाचपून पाहिलं. वर्गात पर्यवेक्षक म्हणून एक तरुण प्राध्यापिका होती. तिचा पीएच.डी.चा प्रबंध पट्टीनेच बांधला होता. त्याला बघून ती सवयीने उभी राहिली, मग आपणच पर्यवेक्षक आहोत हे आठवून गोरीमोरी होऊन बसली.

पेपर चांगला होता. पट्टीला सगळं येत होतं. त्याने पहिल्या गणिताची आकृती काढायला घेतली. स्टीलच्या पट्टीने रेषा मारल्या, टोकदार पेन्सिलने बाण काढले, अक्षरं छापल्यासारखी लिहिली. एक बाण किंचित तिरका गेला तो खोडून पुन्हा काढला. दुसऱ्या गणितालाही तसंच. आयुष्यभर कागद सुबक कापण्याची, कडा जुळवण्याची सवय लागलेले हात, ते काही केल्या गबाळं काम करेनात. घंटा झाली तेव्हा त्याचा पेपर अख्ख्या वर्गात देखणा होता आणि अर्धा कोरा होता.

निकाल लागला. पट्टी नापास.

साहेबाने त्याआधीच वर्गातल्या यच्चयावत लोकांना अभिनंदनाचे निरोप तयार ठेवायला सांगितलं होतं, आणि दोघांनी तर घाईने पाठवूनही दिले. पट्टीने फोन बंद करून गल्ल्यात टाकला. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. पोरं दुकानात आली की मान खाली घालून यंत्राशी खुडबुड करायचा. धरणाचा येण्याचा दिवस जवळ आला होता, तिला येऊ नको म्हणून कळवायचंही त्याच्या जिवावर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बायकोने खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली.

"किती दिवस तोंड लपवून बसणार आहात?"

पट्टी म्हणाला, सगळ्यांच्या देखत हसं झालं. या वयात नापास झालो.

"झालात," ती म्हणाली. "आपलं लग्न झाल्यापासून मी ऐकतेय, पेपर राहिला, पेपर राहिला. आता निदान नापास झालात. मला विचाराल तर हे जास्त चांगलं आहे. नापास व्हायला पेपर द्यावा लागतो."

मग त्याला हसू आलं, आधी नाकातल्या नाकात आणि मग एवढं की कपातला चहा बशीत सांडला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने ते पाहिलं न पाहिल्यासारखं करून बशीतला चहा परत कपात ओतला. हुशार आहोत की नाही हा प्रश्न त्याने इतकी वर्षं तांदळात बोरिकची पावडर घालावी तसा जपून ठेवला होता. त्याचं उत्तर येऊन गेलं होतं, आणि समोर चहा होता, बायको होती, दहा वाजता दुकान उघडायचं होतं. आकाश काही कोसळलं नव्हतं.

धरण ठरल्या दिवशी आलीच. निकालाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. पिशवीतून तिने खोडरबर नसलेल्या पेन्सिली काढल्या, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हाताने रेषा मार. पट्टीला हात लावायचा नाही. घाण अक्षर काढायला शीक."

हे पट्टीला सगळ्या गणितांपेक्षा कठीण गेलं. वाकडी रेषा कागदावर उमटली की त्याचा जीव तुटायचा. तो गुपचूप ती सरळ करायला जायचा आणि धरण त्याच्या हातावर चापट मारायची. येणारी-जाणारी पोरंही या खेळात सामील झाली. काकांची आकृती जरा नीटस दिसली की कुणीतरी वरून सांगायचं, अजून घाण काढा काका. हळूहळू त्याचा हात सैल सुटला. रेषा वेड्यावाकड्या यायला लागल्या, पण उत्तरं वेळेत यायला लागली.

दुसऱ्या वेळी त्याने पेपर दिला तेव्हा घरात कुणी विशेष काही केलं नाही. बायको कामावर गेली. दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. पेपर देऊन तो थेट दुकानात आला, शटर वर केलं आणि वाट बघत उभ्या असलेल्या एका मुलीचा रिपोर्ट हातात घेतला. कसा गेला, असं तिने विचारलं. गचाळ गेला, असं तो आनंदाने म्हणाला.

तो पास झाला. वरच्या श्रेणीत वगैरे नाही. साधा, स्वच्छ पास. निकाल त्याला आधी विभागप्रमुखांनी फोन करून सांगितला. ते कॉलेजात त्याच्या एक वर्ष मागे होते आणि एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही त्याला दादा म्हणायचे. "दादा, झालं तुमचं," एवढंच ते म्हणाले. पट्टीने रिसीव्हर ठेवला तेव्हा त्याला सगळ्यात आधी वडील आठवले. निकालाच्या दिवशी पोरं आरडाओरडा करत दुकानासमोरून गेली की ते खुर्ची भिंतीकडे वळवायला लावायचे. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने खूण करून सांगायचे. आपल्यामुळे पोराचं राहिलं, हे त्यांच्या मनात होतं आणि पट्टीने ते कधी बोलून मोकळं केलं नाही. आज ते असते तर त्याने खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली असती.

पदवीदान समारंभाला साहेब विमानाने आला. बोगदेवाला आला. ज्यांना जमलं ते सगळे मागच्या रांगांत येऊन बसले. पुढे बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींच्या मध्ये पट्टी, अंगावर आखूड पडलेला काळा झगा घालून. त्याचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात कुजबूज झाली, कारण ते नाव पोरांपैकी कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. तो पायऱ्या चढायला लागला तेव्हा पोरांनी ओळखलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. अर्ध्या पोरांचे रिपोर्ट त्याने बांधले होते. त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. शेजारी धरण बसली होती, तिने आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

दुकानात परतल्यावर साहेबाने घोषणा केली की पट्टीने आता झेरॉक्स पुरे करावं आणि माझ्या साइटवर इंजिनिअर म्हणून यावं, जागा मी काढतो. तो मनापासून बोलत होता. पट्टीने विचार करायला वेळ मागितला नाही. मला उन्हात उभं राहून सिमेंट मोजायचं नाहीये, तो म्हणाला, आणि शिवाय तुम्हा लोकांच्या मार्कशीट कोण काढणार? साहेबाने दोनदा आग्रह केला आणि मग हात टेकले.

पट्टीच्या मनात दुसरंच काहीतरी होतं. ते त्याने त्या आठवड्यात बायकोला सांगितलं. दुकान कधी सलग चार दिवस बंद राहिलं नव्हतं. वडिलांच्या काळात नाही, त्याच्या काळात नाही. ते बंद ठेवायचं आणि धरणाने बांधलेलं एखादं धरण बघायला जायचं. बायकोने आधी झेरॉक्सला येणाऱ्या पोरांचं काय होईल विचारलं, मग स्वतःच म्हणाली, होईल काहीतरी.

धरणच त्यांना घेऊन गेली. डोंगराच्या कुशीत काँक्रीटची प्रचंड भिंत, एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली झाडं. बायको कठड्यापाशी जाऊन एकदा खाली डोकावली आणि झटकन मागे सरकली. फाटकावरचा पहारेकरी धरणाला ओळखत होता. त्याने अदबीने दार उघडलं आणि पाहुणे कोण म्हणून विचारलं.

"या वहिनी," धरण म्हणाली. "आणि हा इंजिनिअर. माझ्या वर्गातला."

पहारेकऱ्याने डोक्यावर घालायच्या टोप्या दिल्या आणि ते पायऱ्यांनी भिंतीच्या पोटात उतरले. आत लांबच लांब बोळ होता, दिव्यांचा पिवळा उजेड, आणि हवा थंडगार. भिंतीवरून बारीक धारेने पाणी पाझरत होतं आणि खालच्या नालीतून वाहून जात होतं. पट्टीने भिंतीला हात लावला, तळवा ओला झाला. हे पाणी गळतं म्हणजे काही बिघडलंय का, असं त्याने विचारलं.

प्रत्येक धरण पाझरतंच, धरण म्हणाली, पाझर थांबवता येत नाही, तो किती आहे तेवढं रोज मोजायचं. मग ती त्याला नालीच्या टोकाला घेऊन गेली. तिथे आडव्या पत्र्याच्या खाचेतून पाणी पलीकडे पडत होतं. त्या पाण्याची उंची बघून गळती कशी काढतात ते ती सांगू लागली. पट्टी टोपी सावरत वाकला आणि खाचेतून पडणाऱ्या पाण्याकडे एकटक बघू लागला. मागून बायकोने हाक मारून विचारलं की इथे वर गेल्यावर कुठे चहा मिळतो का. दोघांपैकी कुणालाच ते ऐकू आलं नाही, एवढे ते गणितात अडकले होते.